अक्षरांआधी वाचली जाणारी चित्रे

मुलाची अक्षरांशी ओळख होते ती साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ते वाचू लागलेले असते. बिस्किटाच्या पुड्यावरचे चित्र ते अचूक ओळखते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नाव झळकताच, अक्षर येत नसतानाही, कोणती मालिका सुरू होणार हे सांगते. खेळण्यांच्या दुकानात आपण कोणत्या कप्प्याकडे वळायचे हेही त्याला कुणी शिकवावे लागत नाही. हे वाचन रंगांचे, आकारांचे, अक्षरांच्या वळणाचे आणि मांडणीचे असते. या साऱ्यांची योजना करणारी कला म्हणजे ग्राफिक डिझाइन. पुस्तकाचे मुखपृष्ठ, खेळण्याचे खोके, दप्तरावरचे चित्र, बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता, रस्त्यावरचे संकेतचिन्ह हे सर्व तिच्या कक्षेत येते.

मोठ्या माणसांच्या लेखी ही बहुतांशी सजावट असते. लहान मूल मात्र तिच्याकडे माहिती म्हणून पाहते. ‘मुलगा’ म्हणजे काय आणि ‘मुलगी’ म्हणजे काय, कोणते काम कोणाचे, कोणता खेळ कोणाचा, याविषयीच्या त्याच्या पहिल्यावहिल्या कल्पना घरातल्या वागण्यातून जशा घडतात, तशाच या चित्रांतूनही घडतात. चित्र ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे कधीच उघडपणे म्हणत नाही. म्हणून त्याच्याशी वाद घालण्याची संधीही मुलाला मिळत नाही. या प्रक्रियेचा अभ्यास गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी बराच केला आहे.

मनातले दोन कप्पे

बहुतेक मुले दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी १९८१ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एकदा ही ओळख झाली की मूल भोवतालच्या जगाची वर्गवारी याच दोन कप्प्यांत करू लागते. दिसेल ती वस्तू, रंग, काम, खेळ एकेका कप्प्यात जाऊन पडतो आणि आपल्या कप्प्यातले ते ‘आपले’ ठरते. वर्गवारी करणे हा मुलाच्या बुद्धीचा स्वाभाविक धर्म आहे. परंतु कोणती गोष्ट कोणत्या कप्प्यात टाकायची याच्या खुणा समाज पुरवतो. या खुणांपैकी सर्वांत सोपी, दुरूनही दिसणारी खूण म्हणजे रंग.

व्हेनेसा लोब्यू आणि जुडी डिलोश यांनी सात महिने ते पाच वर्षे या वयोगटातील मुलांपुढे वस्तूंच्या जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीतील एक वस्तू गुलाबी होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली यांच्या निवडीत फरक आढळला नाही. दोन वर्षांच्या सुमारास मुली मुलग्यांपेक्षा अधिक वेळा गुलाबी वस्तू उचलू लागल्या आणि अडीच वर्षांच्या सुमारास त्यांची ही आवड स्पष्ट झाली. त्याच काळात मुलगे गुलाबी रंग टाळू लागले आणि हे टाळणे वयाबरोबर वाढत गेले. गुलाबीची ओढ जन्मजात असती तर ती तान्ह्या वयातही काही प्रमाणात दिसायला हवी होती. ती दिसू लागते ती मुलाला ‘मी कोण’ हे कळू लागते त्याच सुमारास.

रंगांची वाटणी

गुलाबी मुलींचा आणि निळा मुलग्यांचा, ही वाटणी पुरातन असावी असे अनेकांना वाटते. इतिहास वेगळेच सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोप-अमेरिकेत मुलगा असो वा मुलगी, लहान मुलांना पांढरे झगे घालत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ सालचे, वयाच्या अडीच वर्षांचे छायाचित्र लांब केस आणि पांढरा झगा अशाच वेशातले आहे. अमेरिकेतील बालवस्त्रांच्या व्यापारासंबंधीच्या एका नियतकालिकाने १९१८ साली चक्क मुलग्यांसाठी गुलाबी आणि मुलींसाठी निळ्या रंगाची शिफारस केली होती. गुलाबी रंग अधिक ठसठशीत आणि निळा नाजूक, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९२७ साली अमेरिकेतील मोठ्या दुकानांतील रंगांचा जो तक्ता छापला, त्यातही दुकानांचे एकमत नव्हते. वेशभूषेच्या इतिहासकार जो पाओलेटी यांनी ‘पिंक अँड ब्लू’ या २०१२ सालच्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. आजची काटेकोर वाटणी पक्की झाली ती १९८०च्या दशकात. जन्माआधीच बाळाचे लिंग समजू लागले आणि आईवडील तयारीची खरेदी त्यानुसार करू लागले, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण त्या सांगतात.

आपल्याकडे या कारणाला एक वेगळी, वेदनादायक बाजू आहे. ज्या तपासणीमुळे तिकडे पाळण्याचा रंग ठरला, त्याच तपासणीने इकडे असंख्य मुलींचा जन्मच नाकारला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि १९९४ साली देशव्यापी कायदा झाला. साहजिकच जन्माआधी रंग ठरवण्याची प्रथा आपल्या भूमीतली नव्हे. जुन्या सुती साडीची दुपटी, झबली, कुंची यांत मुलगा-मुलगी असा रंगभेद नसे. लग्नात वऱ्हाडी मंडळी गुलाबी फेटे आजही मिरवतात आणि त्यामुळे कुणाच्या पुरुषत्वाला बाधा येत नाही. तरीही शहरातल्या दुकानांत आज पाण्याची बाटली, डबा, छत्री, सायकल, एवढेच काय तर दात घासण्याचा ब्रशसुद्धा गुलाबी आणि निळ्या अशा दोन आवृत्त्यांत मांडलेला दिसतो. वस्तू एकच, फरक केवळ रंगाचा आणि चित्राचा. या वाटणीचा व्यापाराला उघड लाभ आहे: ताईची सायकल धाकट्या भावाला चालेनाशी होते आणि दुसरी विकली जाते.

रिबीन, पापण्या आणि त्रिकोणी झगा

रंगाहून सूक्ष्म अशी दुसरी खूण आकृतीत असते. १९२८ साली पडद्यावर आलेल्या मिकी आणि मिनी माऊस या जोडीकडे पाहा. दोघांचा चेहरा आणि बांधा जवळजवळ एकच. मिनीला मात्र लांब पापण्या, डोक्यावर शोभेची वस्तू आणि उंच टाचांचे बूट. म्हणजे मूळ आकृती ‘तो’, आणि तिच्यावर काही दागिने चढवले की ‘ती’. खुणेवाचूनचे चित्र पुरुषाचे मानायचे, हा अलिखित नियम मुलाच्या मनात अशा शेकडो चित्रांमधून रुजतो. एखाद्या गोष्टीतल्या अस्वलाचा किंवा सशाचा उल्लेख आपणही नकळत ‘तो’ असाच करतो, यात या सवयीचा वाटा किती आणि मराठीतील शब्दांच्या लिंगाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

सार्वजनिक चिन्हांचीही गोष्ट हीच. अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ ग्राफिक आर्ट्स या संस्थेने १९७४ साली ३४ चिन्हांचा संच तयार केला; १९७९ पर्यंत त्यांची संख्या ५० झाली. रॉजर कूक आणि डॉन शॅनोस्की यांनी रेखाटलेल्या या संचातील स्वच्छतागृहाच्या आकृत्या जगभर पसरल्या. गोल डोके आणि सरळ धड म्हणजे पुरुष. त्यालाच त्रिकोणी झगा जोडला की स्त्री. तीच झगा नसलेली आकृती उद्वाहनाच्या चिन्हात ‘माणूस’ म्हणून उभी राहते. पुरुषाचे चित्र दोन कामे करते, एक पुरुषाचे आणि दुसरे माणसाचे. स्त्रीचे चित्र फक्त स्त्रीचेच राहते.

चित्रपुस्तकांतील प्रमाण मोजण्याचे काम समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली केले. अमेरिकेत उत्कृष्ट चित्रपुस्तकांना दिल्या जाणाऱ्या कॅल्डेकॉट पुरस्काराची आणि त्याच्या खालोखाल गौरवलेली अलीकडची पुस्तके त्यांनी तपासली. पुरुष आणि मुलगे यांच्या ११ चित्रांमागे स्त्री वा मुलीचे एक, असे प्रमाण निघाले. प्राण्यांच्या चित्रांत ते ९५ नरांमागे एक मादी एवढे होते. विसाव्या शतकातील सुमारे ५,६०० बालपुस्तकांच्या २०११ सालच्या पाहणीतही पुरुष पात्र केंद्रस्थानी असलेली पुस्तके ५७ टक्के, तर स्त्री पात्र केंद्रस्थानी असलेली ३१ टक्के आढळली. आपल्याकडील मुलांच्या परिचयाचे उदाहरण घ्यायचे तर २००८ पासून लोकप्रिय असलेल्या ‘छोटा भीम’चे घेता येईल. भीम, राजू, कालिया, ढोलू, भोलू आणि जग्गू माकड या टोळीत मुलगी एकच, चुटकी. मुलग्यांमध्ये शूर, खट्याळ, भांडखोर अशा तऱ्हा असू शकतात. एकुलत्या एका मुलीला मात्र सगळ्या मुलींचे प्रतिनिधित्व करावे लागते.

रूपच बोलते

विषय बाजूला ठेवला तरी रूप स्वतःच मुलगा-मुलगी हा भेद सांगू शकते, हे अधिक विचार करायला लावणारे आहे. मुलग्यांच्या खेळण्यांच्या खोक्यावर जाड, तिरकी, धारदार कोनांची अक्षरे असतात; पार्श्वभूमी गडद असते आणि चित्र जणू खोक्याबाहेर झेपावत असते. मुलींच्या खोक्यावर वळणदार हस्ताक्षरासारखी अक्षरे, फिके रंग, चमकी आणि स्थिर उभी असलेली आकृती. दूरचित्रवाणीवरील खेळण्यांच्या जाहिरातींत हाच भेद १९७९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात आढळला होता. मुलग्यांसाठीच्या जाहिरातींत दृश्ये झपाट्याने बदलत आणि आवाज मोठा असे. मुलींसाठीच्या जाहिरातींत एक दृश्य दुसऱ्यात हळुवार विरघळत जाई आणि संगीत मंद असे. पुढे १९८४ साली अलेथा ह्यूस्टन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही शैलींत मुद्दाम अशा जाहिराती बनवल्या, ज्यांच्या विषयाचा मुलगा-मुलगी या भेदाशी काही संबंध नव्हता. तरीही केवळ शैलीवरून ‘ही मुलग्यांची, ही मुलींची’ असे मुले ओळखत होती.

एकाच कंपनीच्या इतिहासातूनही हा बदल पाहता येतो. डेन्मार्कच्या ‘लेगो’ कंपनीची १९८१ सालची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तीत साधी विजार आणि टी-शर्ट घातलेली, दोन वेण्यांची एक लहान मुलगी आपण रचलेली रंगीबेरंगी वस्तू हातात धरून हसत उभी आहे. ती कोणत्या कप्प्यातली, असा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. २०१२ साली याच कंपनीने खास मुलींसाठी ‘लेगो फ्रेंड्स’ हा संच आणला. त्यात फिक्या जांभळ्या-गुलाबी छटा होत्या आणि नेहमीच्या चौकोनी माणसाऐवजी नाजूक बांध्याच्या बाहुल्या. संच खपले, त्याचबरोबर टीकाही झाली. आपल्या उत्पादनांतून व जाहिरातींतून लिंगभेदाचे साचे दूर करण्याचा संकल्प कंपनीने २०२१ साली जाहीर केला.

परिणाम कोठे दिसतो?

एवढ्याने बिघडते काय, असे कुणी विचारील. आवडीचे खेळ ही केवळ करमणूक नव्हे. ठोकळे रचताना मूल जागेचा आणि आकाराचा अंदाज बांधायला शिकते. भातुकली आणि बाहुली खेळताना दुसऱ्याची काळजी घ्यायला, बोलायला, वाट पाहायला शिकते. खोक्याच्या रंगाने मुलीला पहिल्यापासून आणि मुलग्याला दुसऱ्यापासून दूर ठेवले, तर तोटा दोघांचाही होतो. गुलाबी टाळणाऱ्या मुलग्याचे नुकसान आपण सहसा मोजतच नाही.

मुलींच्या बाबतीतला एक निष्कर्ष विशेष गंभीर आहे. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच ते सात वर्षांच्या अमेरिकन मुलांना एका अतिशय हुशार व्यक्तीची गोष्ट सांगितली. ती व्यक्ती कोण असेल हे काही स्त्री-पुरुषांच्या चित्रांतून ओळखायचे होते. पाच वर्षांच्या मुलग्यांनी पुरुष आणि मुलींनी स्त्री सारख्याच प्रमाणात निवडली. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र स्त्रीकडे बोट दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण घटले. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातला त्यांचा रसही कमी झाला. या बदलाचे खापर एकट्या चित्रांवर फोडता येणार नाही; घर, शाळा आणि समाज यांचा त्यात वाटा आहेच. परंतु वय ध्यानात घ्यावे. हे पहिली-दुसरीचे वय, म्हणजे मूल सचित्र पाठ्यपुस्तक प्रथमच रोज उघडू लागते तो काळ.

चित्रे बदलली की कल्पनाही बदलतात, याचा दिलासा दुसऱ्या एका प्रयोगमालिकेतून मिळतो. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढण्यास सांगितले होते. त्यातील केवळ २८ चित्रे स्त्रीची निघाली आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. त्यानंतरच्या अशा अनेक अभ्यासांचा २०१८ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अलीकडच्या दशकांत स्त्री शास्त्रज्ञाच्या चित्रांचे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचे दिसले. प्रत्यक्षात स्त्रिया विज्ञानात आल्या, त्या पुस्तकांत आणि पडद्यावर दिसू लागल्या, आणि मुलांच्या हातच्या रेषा बदलल्या.

पाठ्यपुस्तक आणि पादचारी

ज्या ठिकाणी रचनाकारांनी आणि संस्थांनी जाणीवपूर्वक रेषा बदलली, अशी काही उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. ब्रिटनमधील रस्त्यांची चिन्हे जॉक किनीर यांच्यासह नव्याने रचणाऱ्या मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी शाळेजवळच्या चिन्हात मोठा बदल केला. आधीच्या चिन्हात टोपी घातलेला मुलगा धाकट्या मुलीला पुढे नेत होता. १९६५ पासून रूढ झालेल्या नव्या चिन्हात मोठी मुलगी धाकट्या मुलाचा हात धरून पुढे चालते. ही मुलगी त्यांनी स्वतःच्या बालपणीच्या छायाचित्रावरून रेखाटली होती.

दक्षिण आशियात युनिसेफने १९९०च्या दशकात ‘मीना’ ही चित्रमालिका घराघरांत नेली. मुंबईचे ज्येष्ठ अॅनिमेशनकार राम मोहन यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. २००६ साली आलेल्या ‘गली गली सिम सिम’मधील पाच वर्षांची चमकी शाळेच्या गणवेशात वावरते. मुलीचे चित्र म्हणजे झालरीचा झगा, या समजुतीला गणवेशाने दिलेले हे साधे उत्तर आहे.

महाराष्ट्रात ‘बालभारती’ने २०१९ साली आणलेल्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा शेजारी बसून पालेभाजी निवडताना दाखवले गेले. स्त्री डॉक्टर, स्त्री वाहतूक पोलीस आणि पुरुष आचारी हीही चित्रे त्यात होती. केरळने २०२४ साली तिसरीच्या पुस्तकात वडिलांना नारळ खवताना दाखवले. शहरी वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु पाठ्यपुस्तक ज्या घरांत जाते त्यांतल्या असंख्य घरी ते एकमेव सचित्र पुस्तक असते, आणि त्यावर शाळेची मोहोर असते. मुलाच्या दृष्टीने ‘पुस्तकात आहे’ हा शेवटचा शब्द.

मुंबईकरांना आठवत असेल, २०२० साली महापालिकेने दादर परिसरातील पादचारी सिग्नलवर झग्यातील स्त्रीची आकृती बसवली. मेलबर्नमध्ये २०१७ साली असाच प्रयोग झाला होता. त्यावर एक रास्त आक्षेप असा की स्त्री ओळखण्यासाठी पुन्हा झगाच लागला. आक्षेप खरा आहे; परंतु ‘रस्ता ओलांडणारा माणूस’ म्हणजे कोण, हा प्रश्न सिग्नलपाशी थांबलेल्या मुलाला पहिल्यांदा पडला असेल, तर तेही थोडे नाही.

गुलाबी हातोडा पुरेसा आहे का?

बाजाराचे नेहमीचे उत्तर म्हणजे तीच वस्तू गुलाबी करून मुलींना देणे. एरिका वायसग्रॅम आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, मुलग्यांची समजली जाणारी खेळणी गुलाबी रंगात आली की बालवाडीतल्या मुलींचा त्यांच्याकडे ओढा वाढतो, असे दिसले. दार उघडते हे खरे. पण ‘गुलाबी तेच आपले’ हा नियमही त्याबरोबर पक्का होतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींना काही मिनिटे खेळायला दिले. बार्बी बाहुलीशी खेळलेल्या मुलींनी, ती डॉक्टरच्या वेशातली असली तरी, आपण करू शकू अशी कामे मुलग्यांच्या तुलनेत कमी सांगितली. बटाट्याच्या आकाराच्या बाहुलीशी खेळलेल्यांच्या उत्तरांत हा फरक कमी होता. नमुना लहान असल्याने निष्कर्ष सावधपणे घ्यायला हवा. तरी वेश बदलला म्हणून आकृतीचा संदेश बदलतोच असे नाही, एवढे त्यातून सुचते.

कायद्यानेही या क्षेत्रात पाऊल टाकले आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी भेद नसलेला खेळण्यांचा विभाग ठेवणे बंधनकारक झाले. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०१९ साली, तर भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये, हानिकारक लिंगभेदी साच्यांविरुद्ध नियम लागू केले. मात्र पाटी, तक्ता, गणवेशाची ओळखचिठ्ठी, वाढदिवसाची निमंत्रणपत्रिका या गोष्टी कुठल्याच नियमावलीत येत नाहीत. त्या शिक्षकांच्या आणि पालकांच्याच हाती असतात.

तेथे करण्यासारखे बरेच आहे आणि ते अवघड नाही. पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील चित्रांत मुलगे किती, मुली किती, आणि त्या काय करताना दिसतात हे मोजून पाहावे. मोजल्याशिवाय असमतोल ध्यानात येत नाही, कारण तो डोळ्यांच्या सवयीचा झालेला असतो. वर्गातल्या खणांना, रांगांना आणि नावाच्या चिठ्ठ्यांना मुलगा-मुलगी असे रंग देऊ नयेत. २०१० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, बालवाडीतल्या शिक्षकांनी दोनच आठवडे हा भेद उठून दिसेल असे शब्द आणि मांडणी वापरली, तेव्हा मुलांचे साचेबंद समज वाढले आणि वर्गातल्या भिन्नलिंगी सवंगड्यांबरोबरचे खेळणे घटले. मुलाशी चित्राविषयी बोलावे: ‘ही डॉक्टर असेल का?’, ‘हे स्वयंपाकघर कुणाचे?’ असे प्रश्न चित्राचा अधिकार थोडा सैल करतात.

सँड्रा बेम यांनी याहून सरळ उपाय केला होता. १९८३ सालच्या एका लेखात त्या सांगतात की आपल्या मुलांच्या पुस्तकांतील ट्रकचालक, डॉक्टर, वैमानिक यांच्या चित्रांना त्यांनी स्वतः लेखणीने लांब केस काढले आणि त्यांच्या स्त्रिया केल्या. छापील चित्र कुणीतरी टेबलाशी बसून काढलेले असते आणि दुसऱ्या कुणाला ते बदलता येते, हे त्यांच्या मुलांना फार लवकर कळले असेल. आपल्या घरातल्या पुस्तकांत अशी रेघ ओढायला एक पेन्सिल पुरते.